रात्री दहाचा कॉल आणि कुठेच न लिहिलेले निर्णय

नोव्हेंबरचा पहिला रविवार उलटला की हिंजवडी-खराडीसारख्या पुण्याच्या आयटी भागांतल्या कितीतरी घरांत जेवणाची वेळ बदलते. अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात आणि कॅलिफोर्नियातला सकाळी साडेआठचा कॉल, जो पुण्यात उन्हाळाभर रात्री नऊला असतो, तो दहावर जातो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा नऊ. टीममध्ये युरोपातली मंडळी असतील तर बघायलाच नको. त्यांची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, त्यामुळे मधल्या काळात कोण किती वाजता उगवेल याचा नेम नसतो.

"टीम जगभर विखुरलीय, म्हणून कामं अडतात" हे वाक्य मी नोकरीला लागल्यापासून ऐकतोय. मला ते फारसं पटत नाही. लिनक्स कर्नल बघा, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. १९९१ पासून जगाच्या कानाकोपऱ्यातले, वेगवेगळ्या कंपन्यांत नोकरी करणारे लोक ते लिहितायत आणि साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती बाहेर पडते. रोजची छोटी स्टँडअप मीटिंग नाही, स्टेटस कॉल नाही. बदल ईमेलने येतो, तो का केला हे सोबत लिहिलेलं असतं, आणि लिहिलेलं पटलं नाही तर चारचौघांत परत पाठवलं जातं. तिथली भाषा कधीकधी फार कडू असायची, त्यावरून खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१८ मध्ये माफीही मागितली. तो भाग उचलू नका. लिहिण्याची शिस्त मात्र जरूर उचला.

आपल्याकडे काय होतं? सोमवारी संध्याकाळी पुण्यातून पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल स्वीकारण्याची विनंती, जाते. शीर्षक: 'पेमेंट इश्यू फिक्स'. खाली वर्णनाची जागा कोरी. रात्री आपण झोपल्यावर तो बदल तपासणारा सिएटलमधला रिव्ह्यूअर विचारतो, "टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मुदत) का नाही वाढवला?" मंगळवारी सकाळी आपण उत्तर देतो, तेव्हा तो झोपलेला. त्या रात्री दुसरा प्रश्न, बुधवारी त्याचं उत्तर. वीस ओळींचा बदल मर्ज व्हायला, म्हणजे मुख्य कोडमध्ये सामील व्हायला, गुरुवार उजाडतो आणि मग मॅनेजर म्हणतो, "दोन्हीकडच्या कामाच्या वेळांचा ओव्हरलॅप वाढवू या."

त्याच कोऱ्या जागेत हे लिहिलं असतं तर? "बँकेचं उत्तर उशिरा आलं की आपण तीच विनंती पुन्हा पाठवतो, त्यामुळे ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. म्हणून आता दोन्ही विनंत्यांना एकच क्रमांक जातो, दुसरी आली की बँकेची सिस्टिम ओळखते. टाइमआउट वाढवून पाहिला, त्याने धोका कमी होतो, जात नाही. रिफंडवर काय परिणाम होतो ते तपासलेलं नाही, तिथे नीट बघा." लिहायला पाच मिनिटं. दोन रात्री वाचल्या.

यातलं शेवटचं वाक्य लिहायला आपल्याकडे सगळ्यात जड जातं. 'तपासलेलं नाही' असं लेखी दिलं तर अप्रेजलला निघेल, ही भीती. ती उगाच नाही, निघालेलं मी पाहिलंय. लोकांनी मोकळेपणाने लिहावं असं वाटत असेल, तर आधी टीम लीडने स्वतःच्या पुल रिक्वेस्टमध्ये तसं लिहायला हवं.

दुसरी गोष्ट कॉलवरच्या निर्णयांची. रात्री दहाला, दिवसभर काम करून, शेजारच्या खोलीत मूल झोपवून बसलेला माणूस ताज्या कॉफीवर बोलणाऱ्याशी वाद घालत नाही. तो "येस, शुअर" म्हणतो. मग तिकडे समजतात की पुण्याची टीम स्वतःहून बोलत नाही! निर्णयाचा मसुदा आदल्या दिवशी लिखित आला आणि दोन्हीकडच्यांना स्वतःच्या सकाळी त्यावर आक्षेप घेता आले, की हीच माणसं कशी तुटून पडतात ते बघा.

कॉल पूर्ण बंद करा, असं मी म्हणत नाही. प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती सिस्टिम, पडलं की फोनच लागतो, आणि नव्या माणसाशी चार गप्पा मारल्याशिवाय त्याचा कोरडा रिव्ह्यू पचतही नाही. पण गप्पांसाठीसुद्धा दर वेळी आपणच का जागायचं? एक महिना आपली रात्र, एक महिना त्यांची.

एक प्रयोग सुचवतो. कॅलेंडरमधलं निमंत्रण ज्या टाइमझोनला बांधलेलं असतं, तिथली वेळ हलत नाही, बाकीच्यांची हलते. यंदा तो रात्री नऊचा कॉल भारतीय वेळेला बांधून पाठवा. नोव्हेंबरात तो कॅलिफोर्नियात सकाळी साडेसातला येईल. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारेल, "हा कॉल खरंच लागतो का?"