रिस्ट्रिक्टेड म्हणजे नेमके किती?

गेल्या रविवारी गंगापूर रोडवरील एका सोसायटीत मावशीकडे श्रीखंडाचा डबा पोहोचवायला गेले. फाटकावर इंग्रजीत ‘व्हिजिटर पार्किंग रिस्ट्रिक्टेड’ अशी पाटी होती आणि आत चार जागा धडधडीत रिकाम्या दिसत होत्या. तरीही वॉचमनने स्कूटर अडवली आणि “बंद आहे, मॅडम,” एवढेच सांगितले.

बंद असते तर पाटीवर तसेच लिहिले असते, असे मी त्याला समजावू लागले. रिस्ट्रिक्ट हा शब्द लॅटिनमधील आवळून बांधण्याच्या क्रियापदातून आला. स्ट्रिक्ट हा त्याचा सख्खा भाऊ आणि डिस्ट्रिक्ट हा चुलत, म्हणजे कलेक्टर कचेरीचेही मूळ त्याच कुळात निघते. आवळणे निराळे आणि बंद करणे निराळे. वॉचमन जवळजवळ विरघळला होता. तेवढ्यात प्लास्टिकच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या एका काकांनी चष्म्यावरून पाहत निकाल दिला.

“रिस्ट्रिक्टेड म्हणजे दोन.”

“दोन कशावरून, काका?”

“मी केंद्र सरकारात नोकरी केली आहे. रिस्ट्रिक्टेड हॉलिडे वर्षाला किती? दोन. यादीत सण कितीही असोत, घ्यायचे दोनच. इथेही तोच नियम.”

“मग दोन गाड्या तरी आत येऊ शकतात.”

“आलेल्या आहेत. ती पांढरी जावईबापूंची आणि पलीकडची विहीणबाईंची.”

“पण चार जागा रिकाम्या आहेत ना!”

“यादीतले सणही उरतातच. म्हणून तिसरी सुट्टी मंजूर होते का? आणि अर्ज आधी द्यावा लागतो, हे वेगळेच.”

या युक्तिवादाला मला उत्तर सुचले नाही, याचा राग अजून गेलेला नाही. संस्कृतात निर्बंध या शब्दाचा अर्थ हट्ट असा होतो, तो तेथे खुर्चीत बसलेला पाहिला. सरकारी कागदपत्रांच्या गोपनीयतेच्या चार पायऱ्यांमध्ये रिस्ट्रिक्टेड ही सर्वांत खालची पायरी असते, हे काकांना माहीत असणारच; पण तो दाखला त्यांच्या विहीणबाईंच्या सोयीचा नव्हता.

वास्तविक हा शब्द एकटा वापरायचाच नसतो. अमुक लोकांपुरते, अमुक वेळेपुरते, अमुक संख्येपुरते असे काही तरी त्याच्यापुढे यावे लागते, तेव्हा कुठे त्याला अर्थ येतो. नुसता लिहिला तर कोणाला मुभा आणि कोणाला मनाई हे पाटी सांगत नाही, फाटकाशी जो बसला असेल तो सांगतो. पाटी रंगवून घेणाऱ्यांना हे कळत नाही असे मला मुळीच वाटत नाही. ‘पाहुण्यांसाठी दोन तास’ असे साध्या मराठीत लिहिले असते, तर तिसऱ्या पाहुण्यालाही ते वाचता आले असते, आणि अडचण तीच होती. देवळाली कॅम्पात बोटीची वाट पाहून डोके फिरलेल्या गोऱ्या सैनिकांमुळे इंग्रजीला ‘डूलॅली’ हा वेडसरपणाचा शब्द मिळाला. इंग्रजांनी आपल्याकडून असा नेमका अर्थाचा शब्द नेला आणि मोबदल्यात आपल्या फाटकांवर हा बिनबुडाचा ठेवून दिला.

अखेर स्कूटर दोन गल्ल्या पलीकडे लावून भर उन्हात डबा घेऊन चालत गेले. मावशीच्या हाती पडला तेव्हा श्रीखंडाची लस्सी व्हायची तेवढी बाकी होती. तिच्या गॅलरीतून त्या चारही जागा व्यवस्थित दिसत होत्या. संध्याकाळपर्यंत तेथे बाहेरचे एकही वाहन आले नाही. फक्त सावली सरकली तशी विहीणबाईंची गाडी वॉचमनकरवी एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेण्यात आली.