जॉर्जिया बुद्रुक

आमचा टॉवेलचा कारखाना सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, आणि परदेशी पार्ट्यांना मेल लिहायचं काम माझ्याकडे, का तर माझं इंग्रजी बरंय असा मालकांचा समज आहे. इंग्रजीनं दगा दिला नाही हो, दिला तो भूगोलानं.

मागच्या उन्हाळ्यात एका पार्टीनं विचारलं, जॉर्जियाला माल पोचवायचा रेट काय? मी लगेच नकाशा उघडला, देश सापडला, राजधानी तिबिलिसी, काळ्या समुद्रावर बंदर पोती, सगळं शोधून मालकांपुढं उभा राहिलो, म्हटलं पोतीचा रेट काढलाय. मालक म्हणाले, "पोती कशाला बे, कार्टन हायत की!" त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला आणि मग कळलं की पार्टी अटलांटाची आहे, म्हणजे अमेरिकेतलं जॉर्जिया, तिला माल पाहिजे सव्हाना बंदरात.

दुसरा हिसका बर्मिंगहॅमचा. इंग्लंडातलं समजून, तिथं सकाळचे 9 वाजले असतील असा हिशोब करून मी आपल्या दुपारी दीडला फोन लावला, तर पलीकडून झोपेतला आवाज. माणूस अमेरिकेत अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा, तिकडं पहाटेचे 3. त्यानं जे म्हटलं ते इथं लिहीत नाही, पण समजलं सगळं, म्हणजे माझं इंग्रजी खरंच बरं असावं.

आणि तिसऱ्यांदा तर मीच घोळ घातला. व्हिडिओ कॉलवर सहज बोललो, आमचे डाईंगचे मास्तर दोन दिवस हैदराबादला गेलेत, येतील परवा. आता सोलापूरकराला हैदराबाद म्हणजे रात्री बसायचं आणि सकाळी उतरायचं, आमच्या शहराचा पूर्वभाग म्हणजे तेलुगू वस्ती, त्यातल्या निम्म्यांचे पाहुणे तिकडं. पण समोरचा चाट पडला, विचारतो व्हिसा इतक्या लवकर मिळतो? त्यानं कधीकाळी धंदा केलेला सिंधमधल्या हैदराबादशी, पाकिस्तानातल्या.

खरं तर यावर औषध आपल्याकडं कधीचं आहे. एसटीत कुणी "वडगाव" म्हटलं की कंडक्टर तिकीट फाडायच्या आधी विचारतो, कुठलं वडगाव? एकाच नावाची दोन गावं शेजारी आली की एक बुद्रुक, एक खुर्द, मिटला विषय. मी माझ्या वहीत तसंच लिहायला लागलो, फक्त जॉर्जियात गंमत झाली, कारण देश आहे साधारण 70 हजार चौरस किलोमीटर आणि अमेरिकेतलं राज्य दीड लाखाच्या वर, म्हणजे राज्य बुद्रुक आणि अख्खा देश खुर्द! हे तिबिलिसीवाल्यांना सांगायची माझी छाती नाही.

तेव्हापासून मी कडक झालो. गाव, राज्य, देश तिन्ही दिल्याशिवाय कोटेशन नाही. परवा एकानं लंडन लिहिलं तरी विचारलं, इंग्लंडचं का कॅनडातल्या ओंटारिओचं? तो जरा दुखावला, इंग्लंडचाच होता बिचारा.

पण त्यानंच काल उलटा सवाल टाकलाय. आमच्या जुन्या लेटरहेडवर इंग्रजीत शोलापूर छापलंय, मालकांच्या वडलांच्या काळातलं, संपता संपत नाही, आणि मी मेलखाली सोलापूर लिहितो. तर तो विचारतोय, तुमच्या दोन शहरांत दोन फॅक्टऱ्या आहेत का, आणि माझा माल कुठल्या शहरात तयार होणार?

मालकांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे चहाची बशी खाली ठेवली.

"लिही त्याला, शोलापूर बुद्रुक."