विल्यम मॉरिसला चोर म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

विल्यम मॉरिस म्हणजे एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश डिझायनर, कापडांची आणि वॉलपेपरची नक्षी करणारा, पुढे समाजवादी झालेला. त्याच्यावर गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज फिरतोय. सुरुवातच अशी, की "लंडनमध्ये ज्याच्या नावाने सोसायटी काढून उदोउदो चालतो तो विल्यम मॉरिस भारतीय छपाईचा चोर होता". मग मुद्दे येतात: आपली ब्लॉक प्रिंट चोरून स्वतःच्या नावावर केली, इंग्रज राजवटीला साथ देऊन आपले कारागीर संपवले, समाजवादी म्हणवत श्रीमंतांना वॉलपेपर विकले, यंत्रांना विरोध केला, विषारी वॉलपेपरने माणसं मारली, आणि शेवटी काय तर भारतीयांनी याचं नावसुद्धा घेऊ नये. माझी भाची टेक्सटाइल डिझाइन शिकते, तिने प्रोजेक्टला मॉरिस घेतलाय, तर तिच्या काकांनी हाच मेसेज ग्रुपवर टाकून तिला विषय बदलायला सांगितलं. लिहिणाऱ्याने मॉरिसचं एक पानही वाचलेलं नाही हे मेसेज वाचतानाच कळतं, आणि ऐकावं कुणी तर वर्षभर अभ्यास करणाऱ्या पोरीने?

सगळ्यात वाईट मुद्दा राजवटीला साथ दिल्याचा, म्हणून तोच आधी घेते. फेब्रुवारी १८७९ मध्ये मॉरिसने बर्मिंगहॅमला 'द आर्ट ऑफ द पीपल' नावाचं भाषण दिलं, ते आज नेटवर फुकट वाचायला मिळतं, कुणीही शोधून बघा. तेव्हा तो समाजवादी झालेलाही नव्हता, आणि समोर बसलेले लोक म्हणजे तिथल्या आर्ट सोसायटीची, डिझाइन स्कूलची मंडळी. त्यांच्या तोंडावर तो म्हणाला की भारतीय कला आपण म्युझियममध्ये ठेवून तिचं कौतुक करतो आणि तिकडे आपलाच व्यापार आणि आपलंच राज्य ती मारतंय, काही भागांत ती पार संपली, काही ठिकाणी संपत आली, आणि आजारी तर सगळीकडेच पडलीय. नुसतं हळहळून थांबला नाही, थेट सरकारचं नाव घेतलं. भारतातल्या जेलमध्ये कैद्यांकडून स्वस्तातले गालिचे विणून घेतले जातात, जेलमध्ये चांगलं काम होत असेल तर आपली हरकत नाही, पण इथे सरकारने ठरवलंय की माल स्वस्त हवा, मग तो कसा का होईना, आणि त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या विणणाऱ्यांचं काम बुडतंय, हे तो बोलला. आपल्या येरवड्याच्या जेलमध्येही त्या काळात गालिचे विणले जायचे, म्हणजे ही आपल्या दारातली गोष्ट आहे. साथ देणारा माणूस असं बोलतो का? पुढे १८८५ ला इंग्लंडने सुदानवर स्वारी केली तेव्हा मॉरिसच्या सोशलिस्ट लीग या समाजवादी संघटनेने त्या युद्धाविरुद्ध पत्रक काढलं. ब्रिटिश साम्राज्याच्या ऐन भरात, लंडनमध्ये बसून.

आता चोरीचं. मॉरिसवर भारतीय कापडांचा प्रभाव होता, हे मान्य करावंच लागेल. साउथ केन्सिंग्टनच्या म्युझियममध्ये (आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) तो जुनी कापडं तासन्‌तास बघायचा, एका कापडाला तर 'इंडियन डायपर' असं नावच दिलंय (इथे डायपर म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या आकृत्यांची नक्षी). पण मेसेजमध्ये त्याच्या 'स्ट्रॉबेरी थीफ' या छापील कापडाचा फोटो टाकून "हे आपलंच" म्हटलंय, तिथे गाडी पूर्ण घसरते. १८८३ चं हे डिझाइन त्याच्या केल्म्स्कॉट गावातल्या घराच्या बागेतल्या स्ट्रॉबेऱ्या पळवणाऱ्या थ्रश पक्ष्यांवरून सुचलंय. आणि पद्धत बघा ना. आपल्या दाबू छपाईत आधी चिखलाची पेस्ट ठशाने लावतात, मग कापड निळीत बुडवतात, पेस्टखालची जागा कोरी राहते. मॉरिसने मर्टन ॲबीच्या कारखान्यात नेमकं उलटं केलं: अख्खं कापड आधी निळीच्या पिंपात, बाहेर काढलं की हिरवट दिसणारं कापड हवेने हळूहळू निळं होतं, मग ठशाने रंग उडवणारं द्रव्य छापून नक्षीपुरती नीळ काढायची, आणि त्या मोकळ्या जागेत मंजिष्ठेच्या जातीतल्या मॅडरचा लाल आणि वेल्ड नावाच्या झाडाचा पिवळा भरायचा. हे जमायला त्याला काही वर्षं लागली, त्याआधी लीक गावच्या थॉमस वॉर्डलच्या रंगशाळेत स्वतः पिंपात हात घालून शिकला, हात निळे घेऊन फिरायचा. युरोपातल्या गिरण्या तर त्याच्या जन्माच्या शंभर वर्षं आधीपासून भारतीय छीटची (नक्षीदार छापील सुती कापडाची) नक्कल छापत होत्या, आणि इंग्लंडने १७०० साली कायदा करून आपल्या छापील कापडाची आयात अडवली. राग काढायचाच तर त्या कायद्यावर काढा.

श्रीमंतांना माल विकला, हो विकला. हाताने केलेलं काम महाग पडायचं, गरिबाला परवडायचं नाही, आणि ही गोष्ट त्याला आयुष्यभर खात होती, श्रीमंतांच्या डुकरासारख्या चैनीची चाकरी करतोय असं तो एका घराचं काम चालू असताना चिडून बोलल्याचं नोंदलंय. पण तोच माणूस लंडनच्या हॅमरस्मिथ भागात रविवारी रस्त्यावर उभा राहून भाषणं द्यायचा, चळवळीच्या पेपरात स्वतःचे पैसे घालायचा.

यंत्रांचा मुद्दा सोडून द्या, मर्टनला जॅकार्ड माग, म्हणजे छिद्रांच्या पत्त्यांवरून नक्षी विणणारे माग, चालायचे. त्याचं म्हणणं एवढंच की कंटाळवाणं काम यंत्राने करावं, माणसाला यंत्राचा गुलाम करू नये.

विषाचं मात्र अर्धं खरं आहे. त्याच्या सुरुवातीच्या वॉलपेपरच्या हिरव्या रंगात आर्सेनिक होतं, २००३ मध्ये एक नमुना तपासून ते दाखवलं गेलं. वडिलांकडून आलेला पैसा डेव्हनच्या ज्या खाणीतला, तिथे तांब्यासोबत आर्सेनिकही निघायचं, आणि तो स्वतः तिथे १८७१ ते १८७५ डायरेक्टर होता. १८८५ च्या पत्रात तर त्याने आर्सेनिकची भीती म्हणजे मूर्खपणा आहे, डॉक्टरांना चेटकिणींच्या भीतीसारखं काहीतरी झालंय असं लिहिलं. हे चूकच होतं, मी त्याचा बचाव करणार नाही. पण तो हिरवा रंग तेव्हा इंग्लंडभर कागदात, कपड्यांत, खोट्या फुलांत सगळीकडे होता. मुद्दाम माणसं मारली हे मेसेजवाल्याने कुठून आणलं?

राहिली सोसायटी. १९५५ ला सुरू झाली, हॅमरस्मिथला मॉरिसच्या केल्म्स्कॉट हाउस या घराच्या तळघरात आणि कोच हाउसमध्ये (घोडागाडी ठेवायच्या जागेत) तिचं काम चालतं, व्याख्यानं होतात, जर्नल निघतं. त्याच कोच हाउसमध्ये आधी गालिचे विणले जायचे आणि नंतर समाजवाद्यांच्या सभा भरायच्या. चोराचा उदोउदो नाही चालत तिथे, अभ्यास चालतो.

आणि भारतीयांनी नाव घेऊ नये म्हणणाऱ्यांनी आनंद कुमारस्वामींचं काय करायचं ते सांगावं. श्रीलंकेत जन्मलेला हा माणूस भारतीय कलेवर आणि स्वदेशीवर लिहीत राहिला, कारागिरांची बाजू मांडताना मॉरिसचा आधार घेत राहिला, आणि १९०८ मध्ये सिंहली कलेवरचा आपला मोठा ग्रंथ त्याने मॉरिसने जुना इंग्लिश कवी चॉसर याचा ग्रंथ छापलेल्या प्रेसवरच छापून घेतला.