पहाटे साडेचारची वाटी आधी बंद करा

पहाटे साडेचारला मांजर छातीवर चढतं, नाकाला पंजा लावतं, मग उशाशी ठेवलेला चष्मा खाली पाडतं. माणूस वैतागून उठतो, अंधारातच वाटीत मूठभर ड्राय फूड ओततो आणि परत पांघरुणात शिरतो. मग दिवसभर भेटेल त्याला सांगायचं, मांजर झोपू देत नाही. अरे, कसं देईल? चष्मा पाडला की वाटी भरते, हे त्याला तुम्हीच शिकवलंत! रोज, ठरल्या वेळी, बिनचूक शिकवलंत.

त्याहून वाईट ते लोक, जे चार दिवस दाबून पडून राहतात आणि पाचव्या दिवशी 'जाऊ दे, आज एकदाच' म्हणून उठतात. या 'एकदाच'ने सगळं मातेरं होतं. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकात कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं की दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, असं असलं की पाखरू चोच मारणं लवकर सोडतच नाही. मांजराचंही तेच. खाणं थांबवलं की पहिले काही दिवस ओरडणं कमी होत नाही, उलट वाढतं. दारावर नखं, ड्रेसिंग टेबलावरच्या बाटल्या खाली, कानात म्यांव. ही वाढ म्हणजे उपाय लागू पडत असल्याची खूण असते, आणि नेमकं तिथेच लोक हरतात. पाचव्या रात्री चाळीस मिनिटं ओरडल्यावर खाणं दिलंत, तर त्याचा हिशेब पक्का झाला: चाळीस मिनिटं ओरडायचं.

आणि 'खाणं नाही दिलं, फक्त ओरडलो' हेसुद्धा सांगू नका. श्शू करणं, ढकलणं, मोबाइलचा उजेड पाडणं, नाव घेणं, हे सगळं त्याच्या लेखी प्रतिसादच आहे. कानात बोळे घाला, कूस बदलू नका, डोळे उघडू नका.

पण नुसतं पडून राहून भागत नाही, कारण भूक खोटी नसते. संध्याकाळी आठला शेवटचं खाणं दिलं तर साडेचारपर्यंत साडेआठ तास होतात. मांजर हा दिवसातून अनेकदा थोडं थोडं खाणारा प्राणी. एका उंदरातून त्याला साधारण 30 किलोकॅलरी मिळतात, आणि घरातल्या चार किलोच्या, नसबंदी झालेल्या मांजराला दिवसाला 200 च्या आसपास लागतात. म्हणजे सहा-सात उंदीर, वेगवेगळ्या वेळी. त्यात पहाट आणि तिन्हीसांजा ही त्याची शिकारीची वेळ. मार्चपासून कोकीळ अंधारातच ओरडायला लागतो, खिडकीच्या ग्रिलवर कबुतरं फडफडतात, पाच वाजता दुधाची पिशवी दारात पडते, कुणीतरी पाण्याची मोटार सुरू करतं. एवढं झाल्यावर ते झोपून राहील ही अपेक्षाच चूक. त्या बाजूच्या खिडकीला जाड पडदा लावायला किती खर्च येतो?

तेव्हा खाण्याची वाटणी बदला. ड्राय फूडच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 350 ते 400 किलोकॅलरी असतात, नेमका आकडा पाकिटावर बघा. दिवसाचे 50 ग्रॅम धरले तर सकाळी 12, दुपारी 8, संध्याकाळी 10 आणि रात्री झोपण्याआधी 20. सगळ्यात मोठा वाटा रात्रीचा. वाटीने मोजू नका, मुठीने तर नाहीच. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या आणि चार छोट्या डब्या रात्रीच भरून ठेवा. डबी रिकामी असेल तर खाणं झालेलं आहे, वाद संपला. नाहीतर आजी पाणी भरायला उठल्या की एकदा, बाबा फिरायला निघाले की एकदा, मुलगी कॉलेजला जाताना एकदा, आणि प्रत्येकाला वाटतं की मांजर उपाशी आहे. एका घरात पाच माणसांपैकी एकाने जरी पहाटे हात सैल सोडला तरी बाकी चौघांची मेहनत वाया जाते. मोठ्या पाकिटाला कुलूप लावायची वेळ आली तर लावा.

रात्रीच्या 20 ग्रॅमच्या आधी दहा-पंधरा मिनिटं पिसाच्या काठीने खेळवा. धावू द्या, झडप घालू द्या आणि शेवटी पीस त्याच्या पंजात सापडू द्या. मग खाणं. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा क्रम त्याच्या अंगातच असतो. आधी खायला घालून मग खेळवलंत तर ते ताजंतवानं होऊन बसतं आणि तुम्ही म्हणता उपाय खोटा. नुसता लेझरचा ठिपका फिरवणं तर बंदच करा, त्यात हाती काही लागत नाही आणि मांजर चिडतं.

सकाळी डोळे उघडले की थेट वाटीकडे जाण्याची सवय मोडा. दात घासा, चहा टाका, अर्धा तास जाऊ द्या, मग द्या. तुमचं उठणं आणि त्याचं खाणं यांची गाठ सुटली नाही, तर ते तुम्हाला उठवणारच.

ही गाठ तोडायला ऑटोमॅटिक फीडर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप दाणे पाडणारं यंत्र, चांगला, पण विकत आणून सहाची वेळ लावली की झालं, असं नसतं. मांजर साडेचारला उठवत असेल तर फीडर आधी 4:20 ला लावा. ते यंत्राजवळ जाऊन बसायला लागलं की दर तीन दिवसांनी दहा मिनिटं पुढे न्या. 4:20 ते 6 म्हणजे दहा टप्पे, पूर्ण महिना. एकदम तासभर पुढे ढकललंत की ते परत तुमच्या उशाशी. फीडर झोपायच्या खोलीबाहेर ठेवा. वीज जाते, म्हणून सेल घालूनच ठेवा. एक माप म्हणजे किती ग्रॅम हे दाण्याच्या आकारावर ठरतं. दहा मापं पाडून वजन करा आणि दहाने भागा. पावसाळ्यात दाणे दमट होऊन आतली चक्री अडकते, म्हणून दोन दिवसांपुरतंच भरा. पाणी भरलेल्या पसरट ताटलीत वाटी ठेवली की मुंग्या येत नाहीत. काही मांजरं नळीत पंजा घालून दाणे काढतात, काही यंत्रच आडवं करतात, तेव्हा ते भिंतीला टेकवून दुहेरी टेपने पक्कं करा.

दुधाची पिशवी आली म्हणून बशीभर दूध ओतणाऱ्यांनी तर हात आवरावा. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. आणि म्हशीचं 50 मिली दूध म्हणजे 50 किलोकॅलरी, दिवसाचा चौथा हिस्सा.

सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू खरंच भुकेलेलं असतं, त्याला यातलं काहीही लावू नका, दिवसातून चार वेळा खाऊ घाला. नसबंदी न झालेला बोका रात्री ओरडतो तो खाण्यासाठी नसतो, त्याची नसबंदी करा. आणि आठ-दहा वर्षांचं मांजर अचानक रात्री ओरडायला लागलं, भरपूर खाऊनही वाळत चाललं, पाणी जास्त प्यायला लागलं, तर शिस्त नको, डॉक्टर हवा. थायरॉईड, मधुमेह, मूत्रपिंड, रक्तदाब तपासून घ्या. 'सवय लागलीय मेल्याला' म्हणत महिने काढतात लोक, आणि ते जनावर आतून झिजत असतं.

धडा शिकवायला उपाशी ठेवणाऱ्यांनीही ऐकावं: मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साठून जीव जाऊ शकतो. पाण्याचा फवारा मारलात तर ते ओरडणं विसरत नाही, तुम्हाला घाबरायला शिकतं, आणि पुढे गादीवर मुतायलाही लागू शकतं. दार लावून बाहेर ठेवायचं असेल तर त्याचं पाणी आणि रेतीचा ट्रे बाहेरच्या बाजूला असायलाच हवा.

आणि हे काहीच न करता, झोपमोड होते म्हणून घरात वाढलेलं मांजर पिशवीत घालून मासळी बाजारात सोडून येणारे आहेत. 'तिथे मासे मिळतील' म्हणे! जे मांजर आयुष्यभर 50 ग्रॅमच्या डबीवर जगलं, ते तिथल्या बोक्यांशी आणि कुत्र्यांशी भांडून खाणार आहे का? उपासमार होईल अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. दहा टप्पे, तीस दिवस आणि एक वजनकाटा. एवढंही ज्याला जड होतं, त्याने पुन्हा पिल्लू घरात आणू नये.