अठरा पॉइंट एक

नव्या नोकरीची तपासणी. वय 27, आजार नावाला नाही, आणि रिपोर्टवर हिमोग्लोबिन 18.1, शेजारी ठळक 'एच'. कंपनीच्या बाईंचा लगेच मेसेज: डॉक्टरांचं पत्र आणा, मग जॉइनिंग. रक्त जास्त झालं म्हणून नोकरी अडकलेला कोल्हापुरातला मी पहिलाच असणार.

खरं तर तो आकडा माझ्याआधी शेजारच्या खुर्चीतल्या मामांनी वाचला. डोक्याला पटका, मांडीवर मामींची फाईल.

"अठरा? मर्दा, रक्त हाय का तांबडा रस्सा?"

मी कागद पालथा घातला. त्यांनी तो माझ्या हातातनं घेऊन उताणा केला.

"तालीम कुठली?"

"तालीम नाही. कॉम्प्युटरवर असतो."

"मग खुराक? म्हशीचं धारोष्ण?"

"चहा."

"चहावर अठरा!" कागद समोरच्या बाकावर फिरायला गेला. "आमची ही बघ. पालक झाला, बीट झालं, लोहाच्या गोळ्या झाल्या, आठाच्या वर जाईना. जरा दे की हिला."

मामींनी तोंडाला पदर लावला. टंचाईत साखरेची पोती दडवलेल्या व्यापाऱ्याकडं बघावं तसा सगळा बाक माझ्याकडं बघत होता.

डॉक्टरांनी उलटतपासणी घेतली. सिगारेट? धुरातला कार्बन मोनॉक्साईड हिमोग्लोबिन अडवून बसतो, मग शरीर जादा तांबड्या पेशी काढतं. नाही. जिममधली स्टेरॉईडं? माझे दंड बघून हा प्रश्न त्यांनी स्वतःच मागं घेतला. हे मला अजून लागलंय. उंचावर राहता? पन्हाळ्यानं भागत नाही, लडाख लागतं. घोरता?

"नाही," मी.

"घोरतो की! भिंत हालती," आई.

झोपेत श्वास अडकत असेल तर तेही कारण. पुढं फुप्फुस, हृदय, किडनी, आणि अगदी टोकाला अस्थिमज्जेतला जेएके-टू जनुकाचा बिघाड. एवढं ऐकून मला घाम फुटला.

"पाणी किती प्यायलेलात?"

चौदा तास थेंब नाही, त्यात आदल्या संध्याकाळी फुटबॉल. लॅबवाल्यांनीच फोनवर बजावलं होतं, 'उपाशी म्हणजे उपाशी, पाणीसुद्धा नको.' डॉक्टर हसले. साधं पाणी चालतं म्हणे. पाणी घटलं की पेशी तेवढ्याच राहतात, पातळ भाग आटतो. म्हणजे रस्साच, आटवलेला. शिवाय माझ्या दंडाला रबरी पट्टी आवळून लॅबमधली मुलगी फोनवर 'जेवलास का?' विचारत उभी होती. पट्टी जास्त वेळ राहिली तरी आकडा चढतो.

चूक लॅबची, दोन आठवडे नोकरी लटकली माझी, आणि दुसऱ्या तपासणीचे पैसेही माझेच. सवलत मागितली तर म्हणे ऑफर संपली.

या खेपेला तांब्याभर पाणी पिऊन गेलो. 16.3. मामा तिथंच. कागद न मागता घेतला.

"उतरलास की रं," ते हळहळले. मग मामींची फाईल उघडली, नऊ होते. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मामींकडं, आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"दिलंस व्हय? बरं केलंस, मर्दा."