साइज विचारला की काय बिघडतं?

पहिली रोड बाईक, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगात चालवायची सायकल, घ्यायला दुकानात जावं आणि फ्रेमचा साइज विचारावा, तर ठरलेलं उत्तर: "सीट खालीवर होते की, साहेब!" अहो, सीट वर केल्याने फ्रेम लांब होत नाही. हँडलपर्यंत हात ताणावा लागला की तासाभरात मान-खांदे भरून येतात. पण ठाण्यात मी जिथे जिथे गेलो, तिथे उंची न विचारताच स्टॉकमध्ये पडलेली मोठी फ्रेम पुढे केली. टेस्ट राइड म्हणजे रिक्षा स्टँडपर्यंत एक चक्कर.

गिअरचंही तेच. "एकवीस गिअर आहेत" हे छातीठोक सांगतात. शिमानो कंपनीचा कुठला गिअर-संच, टूर्नी की क्लॅरिस, विचारलं की गप्प. क्लॅरिसला मागे ८ गिअर असतात, टूर्नीला बहुधा ७. येऊरचा चढ चढायचा तर मागची सगळ्यात मोठी चकती किती दातांची, हे कळायलाच हवं ना? आणि घोडबंदर रोडचे खड्डे रोज बघणारी ही माणसं २३ मिमीचे बारीक टायर गळ्यात मारतात! जरा रुंद, २८ मिमीचे बसतील का, तर "बघावं लागेल".

बजेट कमी म्हणून काहीही खपवायचं का? आमच्या घरात ही रक्कम महिनोन् महिने साठवावी लागते. निदान एक मोजपट्टी तरी ठेवा दुकानात!