‘कुत्रा बाहेर एकटा मजेत राहतो’ म्हणणारा तो मेसेज

माझ्या मावसबहिणीनं मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बघ, आम्ही उगाच लाड करत बसलो होतो. आता बंडूला अंगणातच ठेवणार.’ बंडू म्हणजे तिचा पग. चपट्या नाकाचा, जागेपणी घोरणारा, जिना चढला तरी धापा टाकणारा. माझं उत्तर जायच्या आत पत्र्याच्या छपराचं कुत्र्याचं घर अंगणात येऊनही बसलं होतं. हाच मेसेज मला आणखीही काही जणांकडून आला, आणि प्रत्येकानं तो ‘पटलं बुवा’ असं म्हणूनच पुढे ढकलला होता. मला अजिबात पटलेला नाही, म्हणून मुद्दे घेऊन लिहिते आहे.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी मेसेजचा गोषवारा असा: कुत्रा मूळचा लांडगा, त्यामुळे बाहेर राहणं हेच त्याच्यासाठी नैसर्गिक. अंगावर केस असल्यानं त्याला ऊन-थंडी बाधत नाही, जीभ बाहेर काढली की तो गार होतो. कंपाउंड किंवा साखळी असेल तर लक्ष ठेवायची गरज नाही. बाहेर राहिलेला कुत्रा चांगला राखणदार होतो, त्याचा व्यायाम आपोआप होतो, आणि मातीत वाढल्यानं प्रतिकारशक्ती इतकी तयार होते की लशींचीही फारशी गरज पडत नाही.

लांडग्याचा मुद्दा लवकर संपवते. वंशावळ खरी आहे, तिच्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथं १९१४ साली एका पुरलेल्या जागी माणसांच्या सांगाड्यांबरोबर कुत्र्याची हाडं सापडली. ती सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची आहेत. त्या हाडांचा आणि दातांचा नव्यानं अभ्यास झाला तेव्हा, २०१८ साली, संशोधकांनी मांडलं की ते जेमतेम सात महिन्यांचं पिल्लू होतं आणि त्याला बहुधा डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांना होणारा एक जीवघेणा विषाणूजन्य आजार, झाला होता. त्या आजारात कोणी खाऊपिऊ घातलं नसतं, स्वच्छ ठेवलं नसतं, तर ते पुढे कित्येक आठवडे जगलंच नसतं. म्हणजे शेती सुरू होण्याच्याही आधी माणूस आजारी पिल्लाच्या उशाशी बसत होता. कुत्रा ‘नैसर्गिक’ म्हणून कुठे राहतो असं विचारायचंच असेल तर उत्तर आहे, माणसाजवळ. आणि लांडगासुद्धा एकटा, बांधलेला, पळून सावली गाठता न येणारा असा कुठेच राहत नाही.

आता ज्या मुद्द्यामुळे मला हे लिहावंसं वाटलं तो. ‘केस आहेत, ऊन बाधत नाही. जीभ बाहेर काढली की गार.’

यात अर्धं सत्य आहे ते आधी मान्य करते. केसांचा थर थोडंफार ऊन अडवतो, म्हणूनच उन्हाळ्यात दाट केसांच्या कुत्र्याचं अंग सरसकट भादरून टाकू नये असं डॉक्टर सांगतात. पण केस बाहेरची उष्णता काही वेळ अडवतात, आत साठलेली बाहेर काढत नाहीत. आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांवर असतात आणि अंग गार करायला त्यांचा उपयोग जवळपास नाही. त्याचा सगळा भरवसा ल्हाल्हा करण्यावर. तोंड, जीभ, नाकाच्या आतला ओला भाग, इथून पाण्याची वाफ होते आणि तिच्याबरोबर उष्णता जाते. हवा दमट असली की वाफ होणं मंदावतं. शिवाय इतक्या जोरात ल्हाल्हा करणं हे स्नायूंचं काम आहे, त्यानं अंगात आणखी उष्णता तयार होते. म्हणजे ठरावीक मर्यादेनंतर कुत्रा गार होण्यासाठी जी धडपड करतो तीच त्याला तापवू लागते. पगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत नाकाची आतली जागाच कमी आणि श्वासाची वाट अरुंद, त्यामुळे ही मर्यादा फार लवकर येते.

कुत्र्याच्या शरीराचं नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. ते ४१च्या वर गेलं की आतडी, मूत्रपिंडं, मेंदू आणि रक्त गोठवणारी यंत्रणा, सगळ्यांनाच इजा व्हायला लागते. नेहमीच्या तापमानात आणि या आकड्यात फरक फक्त दोन-तीन अंशांचा आहे.

ज्यांना ‘कुत्र्यांना काही होत नाही’ असं अजूनही वाटतं त्यांच्यासाठी एकच अभ्यास सांगते. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या व्हेटकम्पास प्रकल्पातून संशोधकांनी २०१६ सालातल्या ९,०५,५४३ कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या आणि २०२० मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये निष्कर्ष छापले. उष्णतेमुळे आजारी पडल्याची पक्की नोंद ३९५ प्रकरणांत होती. आकडा लहान वाटेल, पण त्यातले १४ टक्क्यांहून जास्त कुत्रे गेले. सातातला एक. तोही ब्रिटनसारख्या थंड हवेच्या देशात, आणि दवाखान्यापर्यंत पोचलेल्यांतला. जे अंगणातच गेले त्यांची नोंद कोण करणार? लॅब्रॅडॉरशी तुलना केली तर बुलडॉगला हा धोका जवळपास १४ पट निघाला आणि पगला तिपटीहून जास्त. ही ओळ मी बहिणीला फोनवर वाचून दाखवली.

कोणी म्हणेल, याच संशोधकांनी असंही दाखवलंय की बहुतेक कुत्र्यांना उष्माघात होतो तो उन्हात पळवल्यामुळे, नुसतं बाहेर बसल्यामुळे नव्हे. खरं आहे, ते मी लपवणार नाही. पण त्यातून ‘मग बाहेर बांधा’ हे कसं निघतं? फिरायला नेलेल्या कुत्र्याच्या दोरीचं दुसरं टोक माणसाच्या हातात असतं. कुत्रा अडखळला तर निदान ते दिसतं तरी. फाटकापाशी येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकत कुंपणाच्या कडेनं दुपारभर धावणारा कुत्राही पळतच असतो, फक्त त्याला ‘बस आता’ म्हणणारं कोणी नसतं.

बंडूचं ते नवं घर मी दुपारी जाऊन पाहिलं. पत्र्याला आतून हात लावला तर चटका बसला. बंडू आत नव्हताच. घर आणि भिंत यांच्यामधल्या बोळकांडीत, कुंडीमागच्या ओल्या मातीवर पोट टेकून पडला होता, जीभ चमच्यासारखी रुंद झालेली, तोंडाच्या कडांना चिकट लाळ. पाण्याचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं, पण उन्हात. पाणी चांगलंच गरम झालं होतं. आणि तो तिथवर जाऊही शकत नव्हता, कारण साखळीनं कुंडीभोवती वेढे घेतले होते. सकाळी सावली, पाणी, घर, लांब साखळी असं सगळं ‘व्यवस्थित’ करून ठेवलेलं होतं. सूर्य सरकला, साखळी गुंतली, आणि त्या व्यवस्थेतलं काहीच उरलं नाही. मुख्य म्हणजे तो भुंकत नव्हता. उन्हानं बेजार झालेला कुत्रा बोंब मारत नाही, तो गप्प होत जातो. घरातून पाहणाऱ्याला वाटतं, झोपलाय शांत.

लक्षणं लिहून ठेवा: थांबता न थांबणारं ल्हाल्हा, घट्ट चिकट लाळ, लालभडक किंवा उलट फिकट पडलेल्या हिरड्या, झोकांड्या, उलटी, रक्ताचे जुलाब, मग झटके. असं दिसलं तर आधी गार करा, मग दवाखान्यात न्या. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, शुद्धीवर असेल तर प्यायला द्या, जबरदस्तीनं पाजू नका. ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवू नका, तो तापतो आणि वारा अडवतो. गाडीत नेताना खिडक्या उघड्या किंवा एसी चालू. यातली प्रत्येक गोष्ट पहिल्या काही मिनिटांत करायची आहे. म्हणजे तेव्हा तिथे कोणीतरी हवं. मेसेज नेमकं तेच काढून टाकायला सांगतो.

साखळीबद्दलही हेच. ‘बांधलाय म्हणजे सुरक्षित आहे’ हे वाक्य मी अगदी कुत्र्यावर जीव असणाऱ्या लोकांकडूनही ऐकते. भिंतीजवळ, ओट्याच्या कडेला किंवा जिन्याच्या कठड्याला बांधलेला कुत्रा मांजरामागे उडी मारतो, साखळी पलीकडे पुरत नाही, आणि तो पट्ट्यावर लटकतो. गळा आवळलेला असताना आवाजही फुटत नाही. आमच्या मागच्या घरातला कुत्रा असाच भिंतीच्या पलीकडे मागच्या पायांच्या नखांवर तोल सांभाळत उभा सापडला. पलीकडच्या बाई कपडे वाळत घालायला आल्या म्हणून वाचला. त्यांनी खालून त्याचं पोट उचलून धरलं तेव्हा कुठे साखळी सैल झाली. पिल्लाच्या गळ्यातला पट्टा वाढत्या वयाबरोबर सैल करायचा राहतो आणि मानेच्या मांसात रुततो, हे तर व्हेटना अधूनमधून पाहावं लागतं. रोज हात फिरवणाऱ्याच्या ते लगेच बोटांना लागतं. महिनोन्महिने बाहेर बांधलेल्या, लांबूनच ताट सरकवलेल्या कुत्र्याच्या बाबतीत वास सुटेपर्यंत कळत नाही.

कंपाउंड साखळीपेक्षा बरं, हे निःसंशय. पण कंपाउंड फक्त कुत्र्याला आत ठेवतं, बाकीच्यांना बाहेर ठेवत नाही. साप येतो, बेडूक येतो, भिंतीवरून कोणी फेकलेलं खाणं येतं, चोर येतो. जातिवंत पिल्लं तर अंगणातून सहज उचलली जातात. आणि काही धोके आपणच आत लावलेले असतात. कण्हेर विषारी आहे, शोभेचा सायकस विषारी आहे, त्याच्या बिया सगळ्यात जास्त. उंदराचं औषध खाल्लं तर लगेच काही दिसतच नाही. रक्त गोठू न देणाऱ्या प्रकारचं औषध असेल तर साधारण तीन ते पाच दिवसांनी रक्तस्राव सुरू होतो, तोवर मालकाला कुत्रा ठणठणीत वाटतो. खाताना कोणी पाहिलं असेल तर वेळेत उपाय होतो, व्हिटॅमिन के देता येतं. पाहिलंच नसेल तर डॉक्टरलाही अंदाज बांधत बसावं लागतं.

राखणदारीचं म्हणाल, तर सतत बांधलेला कुत्रा राखण करत नाही, तो घाबरतो. समोरून कोणी आलं तर मागे सरकायला त्याला जागा नसते, म्हणून तो पुढे येतो. अमेरिकेत डेन्व्हरमधल्या चावलेल्या आणि न चावलेल्या कुत्र्यांची तुलना १९९४ मध्ये ‘पेडिअॅट्रिक्स’ या बालरोगांच्या नियतकालिकात आली होती. चावणाऱ्यांमध्ये अंगणात साखळीला बांधलेले असण्याची शक्यता जवळपास तिप्पट निघाली. आधीच चावरा होता म्हणून बांधला असेल, असा आक्षेप घेता येतो, आणि एवढ्या अभ्यासावरून तो पुरता खोडता येणार नाही. पण बांधून ठेवल्यानं कुत्रा सुधारतो असं तर त्यातून नक्कीच निघत नाही. अंगणात चेंडू आणायला जाणारं लहान मूल या साखळीचं माप घेऊन जात नाही, एवढं लक्षात ठेवा.

व्यायाम आपोआप होत नाही. एकटा कुत्रा अंगणात थोडा वेळ हुंगतो, मग फाटकाशी जाऊन पडतो आणि दाराकडे बघत राहतो. मेसेजमधलं एक मात्र बरोबर आहे: दिवसभर फ्लॅटमध्ये कोंडलेला, दोन मिनिटांसाठी खाली नेऊन आणलेला कुत्राही सुखात नसतो. त्याला बाहेर हवंच. पण बाहेर म्हणजे तुमच्याबरोबर. हिमप्रदेशातले दाट केसांचे कुत्रे, मेंढरांबरोबर रानात राहणारे राखणीचे कुत्रे बाहेर राहतात, हे मलाही माहीत आहे. त्यांची जात, सवय आणि काम त्यासाठीच घडलेलं आहे, आणि ते एकटे नसतात. त्यांच्या नावावर पगला पत्र्याखाली ठेवायचं नसतं.

शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो वाचून कोणीतरी लस खरंच टाळेल. ‘मातीत वाढलं की प्रतिकारशक्ती येते.’ पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि पिल्लांना रक्ताची हगवण लावून काही दिवसांत संपवतो. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, हा जिवाणूंचा आजार) उंदराच्या मुतानं दूषित झालेल्या डबक्यातून येतो, आणि माणसालाही होतो. गोचिडातून बेबेसिया आणि एर्लिकिया हे रक्तातले संसर्ग, डासातून हृदयातले जंत. यातलं काहीही ‘सवयीनं’ टळत नाही. आणि रेबीज? रात्री कुंपणाशी कोणत्या जनावरानं चावा घेतला हे कोणी पाहिलं नाही, केसांखाली जखम दिसली नाही, लस दिलेली नाही. मग तो कुत्रा घरातल्या मुलांचं तोंड चाटतो. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर इलाज नाही, कुत्र्यालाही नाही आणि माणसालाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणं कुत्र्यांमुळेच होतात.

त्यामुळे बाहेर जाणाऱ्या कुत्र्याला लस कमी नाही, उलट जास्त काटेकोरपणे लागते. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून ठरावीक अंतरानं डोस सुरू करून शेवटचा डोस ते सोळा आठवड्यांचं झाल्यावर किंवा त्यानंतर पुरा करायचा, आणि तोवर जिथे अनोळखी कुत्री फिरतात त्या जमिनीवर त्याला सोडायचं नाही. पुढचे बूस्टर आणि रेबीजची तारीख तुमच्या डॉक्टरकडून लिहून घ्या.